उरकुडे काका आणि पर्थचं घर

उरकुडे काकांनी आयुष्यात कोणाला काही समोरून दिलं नाही. कोराडीच्या कॉलनीत आमच्या क्वार्टरच्या कठड्यावर सकाळी वांग्यांची पिशवी दिसली, की आई म्हणायची, "उरकुडे येऊन गेले वाटते." कधी तुरीच्या ओल्या शेंगा, कधी पारशिवनीकडच्या त्यांच्या गावाहून आलेल्या काकड्या. बेल वाजवायची नाही, हाक मारायची नाही. पिशवी ठेवायची आणि सायकलवर टांग मारून पसार व्हायचं. माझे बाबा त्यांच्याच पाळीत कामाला होते. ते म्हणायचे, हा माणूस चोरी करावी तसं दान करतो.

वीज केंद्रात काका राखेच्या विभागात फोरमन होते. दिवसभर राखेत काम आणि अंगात कायम पांढरा शर्ट. हा त्यांचा एक हट्टच होता, आणि तो हट्ट धुवायचं काम अर्थातच कमलकाकूंकडे होतं. कोणाच्याही घरी गेले की आधी टेबलावरून एक बोट फिरवायचे, बोट डोळ्यांसमोर धरून बघायचे आणि मगच बसायचे. नव्या सुनांना वाटायचं, हे आपली साफसफाई तपासतात. तसं काही नव्हतं. वारा कुठून आहे आणि चिमणीतून किती राख पडते आहे, एवढंच त्यांना बघायचं असायचं. खिशात एक छोटा पाना असे. कोणाचा नळ गळताना दिसला, तर पाणी मागायच्या आधी ते नळ आवळून टाकत.

बोलण्याची सुरुवात नेहमी "आता तसं पाहालं त" अशी. एवढं म्हणून ते थांबत, समोरच्याला वाटे आता दोन्ही बाजू येतील, आणि मग काका फक्त स्वतःचा निर्णय सांगत. निर्णय आधीच झालेला असे. आम्ही पोरं त्यांची नक्कल करायचो, त्यांची मुलगी वैशाली सगळ्यात छान करायची.

मी लॉ कॉलेजला जायला लागले, तेव्हा शहरात जायची बस धरायला मला मेन गेटपर्यंत चांगली अर्ध्या तासाची पायपीट करावी लागे. एक दिवस दारात लेडीज सायकल उभी. नवी नव्हती, पण तेलपाणी केलेली, सीटवर नवं कव्हर. बाबा पेपर वाचत राहिले, आई स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही. मला कळायचं ते कळलं. संध्याकाळी काकांना गाठून मी म्हटलं, "काका, सायकलीसाठी..." त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. "कोन्ती सायकल? मले काही माहीत नाही," म्हणाले, आणि खरोखर रागावून निघून गेले. पुढचे पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "देल्लं म्हंजे देल्लं. त्याचं नाव कायले काढाचं?" त्या वेळी मला हे फार मोठं वाटलं. आज तितकं मोठं वाटत नाही, आणि त्याचंच कारण सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

वैशाली माझ्याहून दोन वर्षांनी लहान. बी.एस्सी. होऊन ती कामठी रोडवरच्या एका औषधाच्या कारखान्यात तपासणी विभागात लागली होती. पहिल्या पगारात तिने बापाला पांढऱ्या शर्टाचं कापड घेतलं. आठ महिन्यांत निलेशचं स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर, ऑस्ट्रेलियाला निघालेला, नागपुरात स्वतःचं घर, वडील नाहीत पण मामा सगळं बघणारे. काकांनी त्या लोकांकडे बसूनच होकार दिला आणि घरी येऊन सांगितला. त्या संध्याकाळी वैशाली आमच्याकडे आली. आईला चहा मागितला, तो तसाच थंड होऊ दिला आणि निघून गेली. नोकरीचा राजीनामा दुसऱ्या दिवशी काकाच जाऊन देऊन आले.

लग्न दणक्यात झालं. आंदण म्हणून काकांनी काय दिलं नाही ते विचारा. पितळेचे गुंड, परात, स्टीलचे डबे, लोखंडी कपाट, दिवाण, शिलाई मशीन. जोडपं महिन्याभरात पर्थला जाणार होतं आणि यातली एक वाटीसुद्धा विमानात चढणार नव्हती, पण आंदण नाही म्हणजे लग्न कसलं? सगळं सामान निलेशच्या नागपूरच्या घरी एका खोलीत गेलं आणि तिथंच राहिलं.

जावई म्हटला की आमच्याकडची चांगली शहाणीसुरती माणसं जरा वाकतात. काका जरा जास्तच वाकत. पर्थला घर घ्यायचं ठरलं, तेव्हा त्यांनी निवृत्तीच्या पैशातला मोठा भाग पाठवला, तोही थेट निलेशच्या खात्यात. लेकीच्या नावाने पाठवणं म्हणजे जावयावर अविश्वास, असं त्यांचं गणित. कॉलनीत सांगताना मात्र "जावयानं घर घेतलं" एवढंच. वैशाली तिथे म्हाताऱ्या माणसांच्या एका शुश्रूषागृहात काम करत होती, त्यांना न्हाऊ-माखू घालण्याचं, उचलून बसवण्याचं. तिचा पगार दर पंधरा दिवसांनी घराच्या हप्त्यात जात होता. हे मला वैशालीनेच फोनवर सांगितलं होतं. काकांना मी म्हटलं, "काका, घर दोघांचं हाय ना?" तर म्हणाले, "आता तसं पाहालं त, घर मान्साच्याच नावानं शोभते."

एकदा काका-काकू दोघं तीन महिने पर्थला राहूनही आले. कमलकाकू परत आल्यावर हसत हसत सांगायच्या, की यांनी तिथे एकही दिवस स्वतःच्या हाताने फ्रीज उघडला नाही. पाणी हवं तर जावई घरी यायची वाट बघत बसत. मागच्या कुंपणाच्या फळ्या मात्र सगळ्या बदलल्या, गच्च झालेल्या पन्हळी साफ केल्या, न्हाणीघरातले तिन्ही नळ दुरुस्त केले. जावयाच्या घरात आपलं म्हणून काही घ्यायचं नाही, फक्त द्यायचं. वैशालीने एकदा चिडून विचारलं, "बाबा, हे माह्यं घर नोहे का?" काका म्हणाले, "हाय ना. पन जावयाचं आधी."

अकरा वर्षांनी ते लग्न मोडलं. का मोडलं, त्यात मी शिरत नाही. ते दोघांचं आहे. वैशाली दोन बॅगा घेऊन एका मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली, आणि निलेशने तिला कळवलं की घर माझ्या एकट्याच्या नावावर आहे, तुझा त्यात काही संबंध नाही.

तोपर्यंत मी वकिलीत मुरले होते. नागपूरच्या जरीपटका भागात एका बॅगांच्या दुकानावर माझं ऑफिस आहे आणि माझी बहुतेक कामं कौटुंबिक न्यायालयातली. वैशालीचा फोन आला, तेव्हा मी तिला सांगितलं की खटला तिथेच चालव. पर्थची भिंत नागपूरच्या न्यायालयाला वाटून देता येत नाही. तिथला कायदा मात्र घर कोणाच्या नावावर आहे एवढंच बघून थांबत नाही. कोणी कमावलं, कोणी रांधलं, कोणाच्या माहेरून काय आलं, हे सगळं बघून वाटा ठरवतो. तिने तिथली वकील केली आणि प्रकरण नीट मार्गाला लागलं. तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं. उभं आयुष्य त्या घराच्या हप्त्यात गेलं होतं, आणि पस्तिशीला आलेली बाई मैत्रिणीच्या सोफ्यावर झोपत होती.

मी काकांकडे जाऊन बसले. निवृत्तीनंतर त्यांनी कोराडी रोडला लहानसं घर बांधलं होतं. मी त्यांना स्वच्छ सांगितलं, "काका, तिकडचे लोक काही कागद घेऊन आले त सही करू नका. आधी मले दाखवा." वैशालीने पूर्वी बँकेच्या आणि एका प्लॉटच्या कामासाठी त्यांच्या नावाने मुखत्यारपत्र केलेलं होतं, म्हणजे तिच्या वतीने सही करायचा अधिकार. म्हणून मला धास्ती होती. काका म्हणाले, "मी का येडा हाय?" आणि माझ्या पिशवीत न सांगता पपई टाकून दिली. ती मला घरी गेल्यावर सापडली.

तीन आठवड्यांनी निलेशच्या मामांचा त्यांना फोन आला. "उरकुडे, आता संबंध राहिला नाही. तुमचं आंदण पडून हाय, घेऊन जा. सन्मानानं मोकळे होऊ." काकांनी मला कळवलं नाही. भांडी परत आणायला वकील कशाला, असं त्यांना वाटलं असणार. टेम्पो ठरवला आणि एकटेच गेले.

तिथे काय झालं, ते टेम्पोवाल्याकडून आणि नंतर काकांकडून तुकड्या-तुकड्याने मला कळलं. सामान अंगणात काढून ठेवलेलं. आजूबाजूचे आठ-दहा लोक जमलेले, कारण लोकांना दुसऱ्याच्या घरची भांडी बाहेर येताना बघायला आवडतं. मामांच्या हातात स्टॅम्पपेपर, टाईप केलेला, दोन पानी. मामा मोठ्याने म्हणाले, "मोजून घ्या बरं, उरकुडे. मंग म्हणसान, एक परात कमी भरली."

बास. मामांनी मुद्दाम म्हटलं की सहज, मला माहीत नाही. पण या माणसाला कुठे बोट लावायचं ते त्यांना बरोबर सापडलं होतं. ज्याने आयुष्यभर दिलेल्या वस्तूचं नावसुद्धा काढलं नाही, त्याला चारचौघांत म्हणायचं, मोज. काका म्हणाले, "देल्लेलं मी मोजत नसतो." मामा म्हणाले, "मंग वाचून त घ्या." काकांनी पेन मागितलं. दोन्ही पानांवर सही केली, एका अक्षरावरून नजर न फिरवता. उभ्या-उभ्या, कपाटाच्या पत्र्यावर कागद ठेवून. सही करताना मान ताठ होती, असं टेम्पोवाला म्हणाला. त्याला ते फार आवडलं होतं.

कागदावर लिहिलं होतं की वैशालीतर्फे मुखत्यार म्हणून वडिलांना लग्नातलं आणि लग्नानंतर दिलेलं सर्व काही परत मिळालं, आणि तिच्या सांगण्यावरून ते कबूल करतात की भारतातल्या किंवा परदेशातल्या कोणत्याही मालमत्तेवर तिचा यापुढे हक्क राहिलेला नाही.

चार महिन्यांनी तो कागद इंग्रजी भाषांतरासह पर्थच्या न्यायालयात हजर झाला. वैशालीचा मला फोन आला. ती रडत नव्हती. तिने फक्त विचारलं, "ताई, बाबांनं असं काहून केलं?" असा एक कागद एकट्याने घर बुडवत नाही, पण लेकीनेच बापाला सांगून सगळं मिटवलं होतं असं दिसलं, तर तिच्या मागणीतला जीव जातो. तिथली वकील हेच म्हणत होती. त्या दिवसापासून वैशालीने बापाचा फोन उचलणं बंद केलं.

मी काकांकडे गेले, तेव्हा मला त्यांचा मनस्वी राग आला होता. आंदणाची भांडी व्हरांड्यात तशीच रचून ठेवलेली होती, कमलकाकूंनी त्यांना हात लावला नव्हता. मी कागदाची प्रत वाचून दाखवली. "परदेशातल्या" हा शब्द आल्यावर काकांनी मला थांबवलं आणि ते वाक्य परत वाचायला लावलं. मग ते उठून मागे गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी बघायला गेले, तर ते मोरीचा नळ आवळत होते. तो गळत नव्हता.

"काका, तुमाले सांगतलं होतं ना मी."

"हो."

"मंग?"

"लोक पाहून राहिले होते," ते म्हणाले. एवढंच.

दुसऱ्या दिवशी ते मामांच्या घरी कागद परत मागायला गेले. काकू म्हणाल्या, सकाळी नऊला गेले ते सहाला आले. मी विचारलं, काय म्हणाले मामा? तर कळलं की मागितलाच नाही. दिवसभर फाटकासमोरच्या कडुनिंबाखाली उभे राहिले. मामा दोनदा गाडीतून आले-गेले. एकदा नजरानजर झाली, तेव्हा काकांनी हात जोडून नमस्कार केला आणि पुढे तोंडातून शब्द निघाला नाही. जन्मभर पाठमोरं देणाऱ्या माणसाला समोरून मागायची सवयच नव्हती. मला हसावं की रडावं ते कळेना. काकू रडल्या.

पर्थच्या न्यायालयाने काकांची साक्ष व्हिडिओवरून घ्यायचं ठरवलं. त्याआधी त्यांचं प्रतिज्ञापत्र करायचं होतं, ते माझ्या ऑफिसात झालं. पहिला अडथळा पैशांचा. घरासाठी पाठवलेली रक्कम लेकीच्या संसारासाठी होती, असं त्यांना शपथेवर सांगायचं होतं. ते तोंड उघडेनात. "देल्लेलं तोंडानं कसं सांगू वं पोरी? लाज वाटते." मी म्हटलं, "तुमची लाज राखाले तिनं रस्त्यावर याचं काय?" असं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्यांनी मान खाली घातली आणि सांगितलं. मी लिहून घेतलं.

मग मी विचारलं, "त्या कागदावर सही कराच्या आधी वैशालीले फोन केला होता का?"

"तिले कायले?"

"काका, हक्क तिचा सोडून राहिले होते ना तुम्ही."

"मी बाप हाय ना तिचा," ते म्हणाले, आणि माझ्याकडे असं पाहिलं की प्रश्नच त्यांना समजला नव्हता. मी ते उत्तर तसंच लिहून घेतलं. साक्षीदाराला पढवणं माझ्या पेशात बसत नाही, आणि खरं उत्तर तिच्या फायद्याचंच होतं. फक्त ते त्यांना सगळ्यांसमोर, तिच्यासमोर द्यावं लागणार होतं. काका खुर्चीत तसेच बसून राहिले. टेबलावर बोट फिरवलं, बोट बघितलं नाही.

साक्षीच्या दिवशी ते सकाळी सातलाच ऑफिसात हजर. खालचं बॅगांचं दुकान अजून उघडायचं होतं. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. लॅपटॉपच्या पडद्यावर न्यायाधीश बाई दिसल्या, तसे काका उभे राहिले आणि बसा म्हटल्यावरही नीट बसले नाहीत. एका चौकोनात निलेशचे वकील, एकात दुभाषी बाई, एकात निलेश, आणि एकात वैशाली. काकांनी लेकीला पाच महिन्यांत पाहिलं नव्हतं. ती वाळली होती. "ते मागं काय हाय, तिचंच घर हाय का?" त्यांनी मला हळूच विचारलं. मी म्हटलं, वकिलाचं ऑफिस आहे.

निलेशचे वकील सभ्य होते. त्यांनी आवाज चढवला नाही. ते विचारत, दुभाषी बाई पुण्याकडच्या मराठीत सांगत, काका आपल्या मराठीत उत्तर देत. सही तुमची? हो. मुखत्यारपत्र मुलीनेच दिलेलं? हो. ते आजही रद्द केलेलं नाही? नाही. म्हणजे मुलीचा तुमच्यावर पूर्ण विश्वास होता? काका म्हणाले, "होता." मग वकिलांनी विचारलं, अनेक वर्षं तुम्ही तिच्या वतीने कामं करत आला आहात, मग हे कामही तिच्या इच्छेनेच केलं, असंच ना?

मला वाटलं, आता "आता तसं पाहालं त" येणार. आलं नाही.

"नाही," काका म्हणाले. "तिले माहीत नोहतं. मी इचारलंच नाही."

वकील म्हणाले, पण एरवी तर तुम्ही तिला विचारून करत असाल.

काका कॅमेऱ्याकडे बघायचं सोडून तिच्या चौकोनाकडे बघायला लागले. दोन्ही हात टेबलाच्या कडेवर होते.

"एरवी बी नाही इचारलं," ते म्हणाले. "लग्न ठरवलं तवा नाही इचारलं. तिची नोकरी होती, तिचा राजीनामा मीच नेऊन देल्ला, तवा नाही इचारलं. घराचे पैसे धाडले, ते कोनाच्या नावानं धाडू हे नाही इचारलं. भांडे आनाले गेलो तवा बी नाही. मले वाटे, मी देऊन राहिलो ना, मंग इचाराचं कायले? मी तिले जन्मात काहीच इचारलं नाही, साहेब. आतापावतर मले हे समजलं बी नाही."

दुभाषी बाई थांबल्या. त्यांनी न्यायाधीशांना इंग्रजीत सांगितलं की मला एक मिनिट लागेल. मग त्यांनी सगळं सांगितलं, आणि मी ऐकत होते, त्यांनी काहीही गाळलं नाही. ऐकता ऐकता वैशालीने आपला कॅमेरा बंद केला. चौकोन काळा झाला, त्यात फक्त तिचं नाव राहिलं. काका त्या नावाकडे बघत होते.

वकिलांना पुढे विचारायचं काही उरलं नाही. दहा मिनिटांत साक्ष संपली. काकांच्या त्या उत्तराने कागद निकामी झाला, हे मला तिथंच कळलं होतं. मी त्यांना तसं सांगितलंही. त्यांनी मान हलवली, खाली उतरले आणि चहाला थांबा म्हटलं तरी थांबले नाहीत. खिडकीतून पाहिलं तर कोराडीच्या बसला हात न करता तसेच चालत निघाले होते. दोन बस गेल्या, ते चालतच होते. जिंकलेल्या साक्षीदाराला असं जाताना मी दुसऱ्या कोणाला पाहिलं नाही. माझा राग तेव्हाही पुरता गेला नव्हता. पण त्या रागाचं काय करायचं, ते मला त्या सकाळपासून कळत नाही.

निकाल यायला उन्हाळा उलटला. न्यायालयाने तो कागद बाजूला ठेवला, काकांनी पाठवलेली रक्कम वैशालीच्या बाजूची धरली आणि घरात तिचा निम्म्याहून थोडा जास्त वाटा ठरवला. घर विकून पैसे वाटून घ्यावेत, किंवा दोघांपैकी एकाने दुसऱ्याचा वाटा देऊन घर ठेवावं, आणि आधी निवडायची संधी वैशालीला. तिची वकील तिला एक सांगत होती, मैत्रीण दुसरंच. घर ठेवायचं तर पुन्हा वीस वर्षांचं कर्ज. विकायचं तर हातात पैसा, पण डोक्यावर छप्पर नाही. तिने आठवडाभर कोणालाच काही कळवलं नाही.

त्या थंडीत काका गेले. झोपेतच गेले, कोणाला हाक न मारता. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते निकालाची मराठीत केलेली प्रत द्यायला गेले होते तेव्हा, आणि माझ्या डोळ्यांसमोर राहिलेत ते तेच काका. दुपारची वेळ होती. फाटक उघडं होतं. काका अंगणात लोखंडी खुर्चीवर, फोन कानाशी. काकू दाराच्या चौकटीला टेकून उभ्या. त्यांनी मला बोटाने गप्प केलं आणि ओठांनी सांगितलं, वैशाली. इतक्या महिन्यांनी तिनेच फोन लावला होता.

काकांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. घराचं, कर्जाचं, वकिलाचं. मग त्यांनी तोंड उघडलं. त्यांचं मत झालेलं होतं, ते मला चेहऱ्यावर दिसत होतं, कारण तो चेहरा मी लहानपणापासून पाहत आले होते. तोंड उघडं राहिलं आणि मग त्यांनी ते मिटलं.

"तुले काय पायजे वं, माय?" ते म्हणाले.

पलीकडून काही येईना. काकूंना धीर धरवेना, त्यांनी पुढे होऊन काय म्हणते म्हणून खूण केली. काकांनी दुसरा हात वर करून त्यांना थांबवलं. फोन कानाशी घट्ट धरला. एक मिनिट गेलं असेल, दोन गेली असतील. रस्त्यावरून कोळशाचा ट्रक गेला, तसा त्यांनी मोकळा कान तळहाताने झाकून घेतला, तिकडून आलेला शब्द निसटू नये म्हणून. मी प्रत काकूंच्या हातात दिली आणि फाटक ओढून घेतलं. तेव्हाही ते तसेच बसले होते, काही न बोलता, वाट बघत.